फोटोतली फणी

"अहो, बाजूला व्हा! फोटोत येताय."

दगडाला गाल लावल्यासारखा वाकलेला तो माणूस सरळ झाला आणि हसला. त्याच्या हातात फणी होती. केस विंचरायची नव्हे हं! ही दगडावर दाबली की तिचे बारीक लोखंडी दात मागेपुढे सरकतात आणि दगडाच्या चढउतारांची हुबेहूब नक्कल करतात. रस्त्यासाठी डोंगर कापला होता, आणि उघडा पडलेला थर किती खरखरीत आहे हे त्यालाही मोजायचं होतं आणि फोटो काढणाऱ्या तिलाही. गुळगुळीत थर घसरतो, खरखरीत थर धरून ठेवतो. तो फणीने मोजणार, ती कॅमेऱ्याने. तिचं हे एकटीचं पहिलंच काम. खरखरीतपणाचा आकडा चुकला तर पुढचं काम दुसऱ्याला, असं साहेबांनी गोड बोलून पण स्पष्ट सांगितलं होतं.

"एका दगडाचे फोटो किती?"

"साठ. दर वेळी वीतभर सरकून. मग कॉम्प्युटर ते जुळवतो आणि खाचाखोचांसकट दगड उभा करतो."

"साठ! लग्नात नवरीचेसुद्धा इतके काढत नाहीत."

"नवरी डोळे मिटते. दगड नाही मिटत."

तो असा खळखळून हसला, की तिचा कॅमेराच हलला. वर ढगाळ, मऊ उजेड होता, वाऱ्यात ओल्या मातीचा वास होता, आणि तिचं लक्ष... कुठे होतं, ते सांगायला नकोच.

"माझा आकडा बारा," जाताना तो म्हणाला. "तुमचा बघू."

"फणीवर फारच विश्वास दिसतो!"

"दहा वर्षांची सोबत आहे. दोन दात पडलेत, पण खोटं बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी पडद्यावर दगड उभा राहिला. इतका देखणा, की ती खूश झाली आणि पुढच्याच क्षणी दचकली. मोजपट्टी! दगडाशेजारी ठेवायची मोजपट्टी तिच्या पिशवीतच राहिली होती. ती नसेल तर हा दगड काडेपेटीएवढा की घराएवढा, हे कॉम्प्युटरला कळणार कसं? आणि त्या थरावर तर सकाळीच सिमेंटचा मारा झाला होता. संध्याकाळी साहेबांना आकडा द्यायचा होता. गप्पांच्या नादात सगळा बट्ट्याबोळ! तिला रडूच फुटलं.

डोळे पुसत तिने शेवटचे फोटो पुन्हा पाहिले. खालच्या कपारीत काहीतरी चमकत होतं. फणी!

"वेंधळा कुठला! सामान विसरून जातो..." ती चिडून पुटपुटली, आणि मग खुर्चीतून ताडकन उठली. तिने फोन लावला.

"तुमची फणी किती लांब आहे?"

"हे मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं."

"सांगा ना हो लवकर!"

"बरोबर तीस सेंटीमीटर. का?"

तिने फोन ठेवला आणि पडद्यावरच्या फणीपुढे 'तीस' टाकलं.

संध्याकाळी साहेबांनी कागद पाहिला, मान डोलावली आणि पुढच्या कामाची फाइल तिच्या हातात ठेवली. ती हवेत तरंगतच बाहेर आली. दारात तो उभा होता.

"आकडा?"

"बारा पूर्णांक चार."

"वरचे चार कशाचे?"

"पडलेल्या दातांचे," ती म्हणाली. मग ओशाळून पुढे म्हणाली, "तुमच्या फणीमुळे वाचले मी. पण ती सिमेंटखाली गेली हो. तुम्ही तिथेच विसरलात."

"विसरलो नव्हतो." तो बुटांकडे बघत राहिला. "मुद्दाम ठेवली होती. सकाळी ती घ्यायला यायचं, तुम्ही भेटाल... तेवढंच निमित्त. पण सिमेंटवाले माझ्याआधी पोचले."

दहा वर्षांची सोबत!

"मग आज काय निमित्त?"

"आज... काहीच नाही. नुसताच आलोय. तुम्ही आवडता मला."

पिशवीत हात घालून तिने ती मोजपट्टी काढली आणि त्याच्या हातात ठेवली.

"उद्या सकाळी परत आणून द्यायची. आणि हे बघा... चहा प्यायल्याशिवाय जायचं नाही."