न झालेली गाठ

शिदराम अंबी यंत्राच्या पलंगावर पडल्या पडल्या खुशाल घोरत होते. काचेपलीकडे डॉ. वैजयंती कागवाडे मात्र चक्रावल्या होत्या. पडद्यावर शिदरामच्या उजव्या फुप्फुसात एक ठिपका लखलखत होता, आणि सीटी स्कॅनमध्ये त्याच जागी गाठ म्हणून काहीच दिसत नव्हतं.

सांगलीच्या या रुग्णालयात 'अग्रदृष्टी' आल्यापासून कर्करोगाची तपासणी आणि उपचार एकाच बैठकीत उरकत. यंत्राच्या लोखंडी हाताने शिरेतून किरणोत्सारी साखर टोचायची. कर्कपेशी मुलखाच्या हावरट. त्या साखर ओढून घेतात आणि उजळतात. उजळलेली जागा यंत्र तिथल्या तिथे किरणांनी जाळून टाकी. डॉक्टरांनी फक्त होकार द्यायचा.

"कर्करोगाची शक्यता सत्त्याण्णव टक्के," यंत्र गोड आवाजात म्हणालं. "गाठ धरण्याआधीच सापडला आहे. होकार द्यावा."

"अगं बाई, पण गाठ नाही, सूज नाही, मग साखर खातंय तरी कोण?"

"गाठ धरण्याआधी उपचार घेतलेल्या एकाही रुग्णाला पुढे तिथे गाठ झालेली नाही."

एवढं ऐकवलं की भलेभले डॉक्टर होकार देत. वैजयंतीही आजवर देत आल्या होत्या. पण शिदराम म्हणजे कृष्णेत बुडणाऱ्याला तळातून वर काढणारा गडी. फुप्फुसाचा तेवढा भाग जळाला की त्यांचा दम गेला, आणि दम गेला की नदी सुटली. होकार देण्याआधी त्या आत गेल्या आणि त्यांनी शिदरामना हलवून जागं केलं.

"मामा, साखर टोचताना काही त्रास झाला का?"

"तरास कसला? पर तुमचा त्यो लोखंडी हात लई येंधळा बघा. जरा रगात वढलं आन् तिथंच ठप्प झाला. मी म्हटलं, झोपला का काय ह्यो! लई येळानं मग तेच आत ढकललं."

वैजयंतींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नळीत तुंबलेलं रक्त साखरेसकट गोठलं असेल तर? खसखशीच्या दाण्याएवढी गुठळी शिरेतून हृदयात जाणार, तिथून फुप्फुसात, आणि एखाद्या बारीक वाहिनीत अडकून झगमगत राहणार. म्हणजे साखर कुणी खातच नव्हतं! अशी इवलीशी गुठळी आपोआप विरघळते.

"मामा, उद्या परत या. या खेपेला दुसऱ्या हातात मी स्वतः टोचणार."

"म्हंजे यंत्र चुकलं म्हणा की!" शिदराम हसले. मग त्यांचा आवाज उतरला. "आन् त्येच बरुबर निघालं तर वो?"

"तर उद्या उपचार करू. एका दिवसानं काही बिघडत नाही."

दुसऱ्या दिवशी दोन्ही फुप्फुसं स्वच्छ निघाली. शिदरामनी यंत्राला कोपरापासून हात जोडले आणि "सुटलो रं बाबा!" म्हणत नदीची वाट धरली. वैजयंतींनाही आनंद झाला, अगदी मनापासून झाला. पण त्यांचं कुतूहल काही स्वस्थ बसू देईना.

"ज्यांना गाठ नव्हती आणि ज्यांना टोचताना तुझा हात मध्येच थांबला होता, असे जुने रुग्ण दाखव," त्यांनी यंत्राला सांगितलं.

पडदा भरून गेला. ठिपक्यामागून ठिपका, आणि प्रत्येकाखाली त्यांचाच होकार. एकालाही पुढे गाठ झाली नाही, असं यंत्र सांगत आलं होतं. मुळात गाठ धरणारच नव्हती, तर पुढे ती होणार कुठून?

तेवढ्यात दारावर टकटक झाली. गेल्या वर्षी इथेच उपचार घेतलेल्या मालन आवटी बाई, हातात पेढ्यांचा पुडा, धापा टाकत उभ्या होत्या. पडद्यावरच्या नावांत त्यांचंही नाव होतं.

"आज वर्ष झालं, डॉक्टर! आधी तोंड गोड करा." त्या खुर्चीवर टेकल्या. "जिना चढवत नाही हो आता. वर्गात दोन वाक्यं बोलले की दम लागायचा, म्हणून शाळाही सोडली. पण म्हटलं, जाऊ दे, जीव तर वाचला."

बाईंनी पेढा पुढे धरला, पण वैजयंती पडद्यावरचं त्यांचं नावच पाहत राहिल्या.

"वाचला ना, डॉक्टर?"