खांबामागचा माणूस

मावठ्याचा, या हिवाळी पावसाचा, काही नेम नसतो. डिसेंबरची कोवळी उन्हं अंगावर घेत योगिनी भोपाळच्या एम. पी. नगरातून स्कूटीवर निघाली, ती साकेत नगरला पोचेपर्यंत पार भिजून गेली. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये बाबांची पेटी गणपतीपासून पडून होती. ती उचलायची आणि कोलार रोडला घर गाठायचं, एवढाच बेत होता.

दार ढकलून आत आली, तर हॉलमध्ये अंधार. भिंतीवरच्या पडद्यावर काळापांढरा सिनेमा चाललेला. नऊवारीतली एक बाई ओसाड देवळात उभी राहून जीव तोडून गात होती... आणि आवाजाचा पत्ता नाही. समोर प्रेक्षक एकच. शाल गुंडाळलेला, कानांवर हेडफोन चढवलेला, पाठमोरा.

"चला, पूर्वरंग संपला," ओढणी पिळता पिळता योगिनी स्वतःशीच पुटपुटली.

पाठमोरा प्राणी दचकून वळला. हेडफोन गळ्यात आले.

"काय संपलं?"

"पूर्वरंग. कीर्तनाचा पहिला भाग. बघा ना, तिने चिपळ्या खाली घेतल्या, मान झुकवली. आता तिला बुक्का लावायचा, हार द्यायचा. मग उत्तररंग."

"म्हणजे ती थांबलीय!" त्याने कपाळावर हात मारला. "आणि मी समजतोय फिल्म अटकतेय. आठवडाभर कॉम्प्युटरला शिव्या घालतोय हो."

"आवाज नाही, तर हेडफोन कशाला?"

"आवाज आहे. नुसती खरखर. त्या खरखरीच्या खाली कुठे बाई सापडते का, बघतोय."

"मग? सापडली?"

"आत्ता सापडली," तो म्हणाला. आणि आपण काय बोललो हे ध्यानात येताच त्याने घाईघाईने हेडफोन पुन्हा कानांवर चढवले. अंधार होता म्हणून बरं. नाहीतर दोघांचेही गाल लाल झालेले दिसले असते.

त्या दिवशी योगिनी घरी गेली ती पेटी न घेताच.

*

त्याचं नाव आशिष. मंडळाच्या सेक्रेटरी शोभा मावशींचा सख्खा भाचा. मुंबईत सिनेमांचं साउंड करायचा. आता भोपाळलाच शूटिंगं यायला लागली, म्हणून आपल्या गावी परतलेला. मराठी बोलायचा, पण दर दोन वाक्यांनी त्यात भोपाळ डोकावायचं.

सिनेमा शोभा मावशींचा लाडका. त्यांच्या लहानपणी भेल कारखान्याच्या क्वार्टरांत दरवर्षी चादर बांधून दाखवायचे. नाटक कंपनीतली एक नटी संतिणीचं काम करते. इतकं छान करते, की लोक तिला संतीणच मानू लागतात. कंपनीच्या मॅनेजरचा तिच्यावर जीव असतो, पण धंद्यावरही असतो. तो तिला गावोगाव मिरवतो. एक दिवस एक म्हातारी आपलं तापानं फणफणलेलं नातवंड तिच्या पायांवर ठेवते, आणि नटी रंगवलेल्या चेहऱ्यानिशी पळून जाते. शेवटी एका ओसाड देवळात, ऐकायला कोणी नसताना, ती पहिल्यांदा खरं कीर्तन करते. मॅनेजर हार घेऊन खांबामागे उभा असतो. पूर्वरंग संपतो, ती थांबते, वाट बघते... तो बाहेर येत नाही. ती हाराशिवायच पुढे गायला लागते. समाप्त.

"मेला खांबामागून बाहेर काही येत नाही!" शोभा मावशी दरवेळी पदराने डोळे पुसत म्हणायच्या. जणू यंदा तरी येईल अशी आशा होती.

आता कुठून तरी मिळालेल्या प्रतीत नेमका शेवटाचा आवाज मेलेला. आणि दत्तजयंतीला मंडळात सिनेमा दाखवायचं मावशींनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

"कीर्तनकार विनायकबुवांची लेक असताना मला कसली चिंता?" त्या योगिनीला म्हणाल्या. "पडदा चालू राहील, तू शेजारी उभी राहून कीर्तन म्हण. बस्स!"

"मी सोडलंय मावशी. आता फक्त बायोलॉजी शिकवते."

"सोडायला ते काय तंबाखू आहे?"

योगिनी हसली, पण मान नकारार्थीच हलली. आशिषने ते पाहिलं. तो तिला सोडायला स्कूटीपर्यंत आला.

"अंधारात उभ्या राहा," तो हळूच म्हणाला. "माझ्या स्पीकरच्या मागे. कोणाला दिसणार नाही. नुसता आवाज द्या. प्लीज... नाहीतर ही बाई मुकीच राहील."

मुकीच राहील, हे शब्द योगिनीला घरापर्यंत पुरले. बाबा ओसरीवर शेकत बसले होते. तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला कधी भीती वाटली? गादीवर उभं राहताना?"

"नारदाच्या गादीवर उभा असतो तो वेगळा माणूस," विनायकबुवा म्हणाले. "खाली उतरला की त्याला दूध आणायला जावं लागतं. भीती दूध आणणाऱ्याला वाटते." मग जरा थांबून म्हणाले, "पेटी तिथेच राहू दे. वाजवायला मीच येईन."

*

तालमी सुरू झाल्या. संध्याकाळी क्लास सुटला की योगिनी हॉलवर. त्या नटीने नेमकं काय गायलं होतं, हे कोणालाच आठवत नव्हतं, आणि प्रत्येकीला पक्कं आठवत होतं.

"ती 'ये रे' म्हणतेय," शोभा मावशी.

"'ये रे' कसलं? 'दे रे' आहे," नलिनीताई.

"तुला तेव्हाही चष्मा होता, नलिनी!"

"म्हणून तर नीट दिसायचं!"

शेवटी बायकांना चहाला पाठवून आशिष एकेक तुकडा सावकाश फिरवायचा. नटीचे ओठ बघायचे, त्यांत बसतील असे शब्द योगिनीने जुळवायचे. ती गुणगुणायची, खोडायची, पुन्हा म्हणायची. मध्येच तिच्या लक्षात यायचं...

"पडद्याकडे बघा. ओठ तिकडे आहेत."

"तिकडचे पाठ झाले," आशिष म्हणायचा, आणि साळसूदपणे पडद्याकडे वळायचा.

"तुम्ही मुंबईहून हेच शिकून आलात?"

"नाही, हे अपने इथलंच आहे. भोपाळी."

त्याच्या थर्मासमध्ये मीठ घातलेला चहा असायचा, भोपाळचा खास. योगिनीच्या घरी नागपूरचं वळण, चहा म्हणजे साखरेचा पाक. तिने एक घोट घेतला आणि तोंड असं केलं, की आशिषला कॉलर माइक बाजूला ठेवून हसावं लागलं.

"एकदा आवडला ना, की सुटत नाही," तो म्हणाला.

"धमकी आहे का?"

"छे. माहिती."

एका संध्याकाळी पडद्यावरची नटी गाता गाता रडली. योगिनीने हातातला कागद मिटला. आशिषने चित्र थांबवलं, आणि न विचारता थर्मासचं झाकण तिच्या हातात दिलं. तिने या वेळी तोंड वाकडं केलं नाही.

"माझा तो व्हिडिओ पाहिलात?" तिने विचारलं. "कीर्तनात रडतानाचा?"

तो व्हिडिओ भोपाळच्या सगळ्या मराठी घरांत फिरला होता. पार नागपूर, पुण्यापर्यंत गेला होता.

"मावशीने पाठवला होता. मी ऐकला. आपल्याला पाहण्यापेक्षा ऐकायची सवय."

"त्या दिवशीचं खरं होतं," ती झाकणात बघत म्हणाली. "गोष्टीत आई लेकराला हाक मारते, तिथे गळा दाटला. कसा, ठाऊक नाही. पण मग जिथे बोलावलं, तिथे लोक त्या हाकेचीच वाट बघायचे. मोबाइल वर करून. आणि मीही वाट बघायला लागले... येतंय का पाणी. एकदा आलं. अगदी वेळेवर. आणि मनात काय आलं सांगू? देव नाही, ती आई नाही. मनात आलं, 'चला, आलं.'"

बाहेर अमरूदवाला आपली पेरूंची गाडी ढकलत ओरडत गेला.

"त्या दिवशी घरी येऊन चिपळ्या बांधून ठेवल्या. ही नटी पळाली ना, तशीच मी. फक्त हिला देऊळ सापडलं."

आशिषने झाकणात आणखी थोडा चहा ओतला.

"नाही आलं पाणी, तर?" त्याने विचारलं.

"अं?"

"म्हणजे... नाहीच आलं. तर कीर्तन अडतं का?"

दुसऱ्या दिवशी ती आली, तेव्हा पर्समध्ये चिपळ्या होत्या.

*

दत्तजयंतीला पुन्हा मावठा. तरी हॉल भरला. स्वेटर, मफलर, ओल्या छत्र्या, सुंठवड्याचा वास. कोपऱ्यात विनायकबुवा पेटी घेऊन बसले. त्यांच्यामागे आशिषचा उंच काळा स्पीकर, आणि स्पीकरच्या मागे योगिनी. साधा कुडता, पाय अनवाणी, कारण बूट घालून कीर्तन होत नाही, मग कोणाला दिसो न दिसो. आशिष माइकची वायर धरून तिच्या पायांशी उकिडवा बसलेला.

"बाहेर मोबाइल आहेत?" तिने कुजबुजत विचारलं.

"दारातच गोळा केले. मावशीच्या पिशवीत आहेत. कुणाचा नातू अमेरिकेतून फोन करतोय, तरी देत नाहीये ती."

ती हसली, आणि त्याच हसण्यावर पडद्यावर देऊळ उगवलं.

योगिनी गायला लागली. पहिल्या ओळीला आवाज थरथरला. दुसरीला पेटीने हात दिला. तिसरीला नटीचे ओठ आणि योगिनीचा स्वर असे जुळले, की हॉलमध्ये कोणीतरी "अगंबाई!" म्हणालं. ते 'ये रे' होतं का 'दे रे', हे विचारायला नलिनीताईही विसरल्या. बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. सिनेमा बघायला आलेली माणसं, बघता बघता मांड्या घालून कीर्तनाला बसली.

पूर्वरंग संपला. पडद्यावर नटीने मान झुकवली. खांबामागे मॅनेजर, हातात हार. योगिनी थांबली.

ही शांतता तालमीत ठरलेली होती. नटीने वाट बघायची, कोणी यायचं नाही, आणि योगिनीने पुढे सुरू करायचं. पण तालमीला शोभा मावशी चहा प्यायला गेलेल्या असायच्या.

"अरे, दिवे लावा!" त्या ताडकन उठल्या. "कीर्तनकार थांबल्यात. हार नको, बुक्का नको? तशाच उभ्या राहतील का?"

"मावशी, सिनेमा..." आशिष कुजबुजला.

"सिनेमा गेला खड्ड्यात! जिवंत बाई उभी आहे तिथे!"

दिवे लागले, तशी स्पीकरआडची योगिनी अर्धीमुर्धी दिसू लागली. पडदा फिका पडला. मावशींनी दत्ताच्या तसबिरीपुढच्या ताटातला शेवंतीचा हार उचलला, गुडघ्यावर हात ठेवला, अंतर पाहिलं, आणि हार हातोहात आशिषकडे धाडला. "तू जवळ आहेस. जा. दे."

आशिष उठला. हार घ्यायला स्पीकरच्या मागून बाहेर आला आणि तिच्याकडे वळला. सगळा हॉल त्याच्याकडे बघतोय, योगिनी त्याच्याकडे बघतेय. त्याने आयुष्यात हार घालताना पाहिले होते ते मंत्र्यांना आणि नवरदेवांना. त्याने दोन्ही हात वर केले आणि हार तिच्या गळ्यात घातला.

क्षणभर पेटीसुद्धा थांबली.

"अरे गाढवा!" मावशी ओरडल्या. "बाईमाणसाला हार हातात द्यायचा असतो! गळ्यात काय घालतोस?"

हॉल हसण्याने असा फुटला म्हणता! नलिनीताईंचा चष्मा खाली पडला. "असू दे गं शोभा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी खांबामागून बाहेर आलंय!" आशिषचे हात अजून हवेतच. आणि योगिनी हसत होती. नारदाच्या गादीवर, भर कीर्तनात, खांदे हलवत, शेवंतीच्या पाकळ्या सांडत. हे कुठल्याच तालमीत नव्हतं.

मावशींनीच पुढे होऊन तिच्या कपाळाला बुक्का लावला. योगिनी स्पीकरच्या मागून पुढे आली, उजेडात. चिपळ्या उचलल्या. आणि उत्तररंगाला तीच गोष्ट लावली. आईच्या हाकेची.

पडद्यावर नटी गात राहिली, मॅनेजर उभा राहिला, समाप्त झालं. तिकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

हाकेची ओळ आली. योगिनीने हाक मारली. डोळ्यांत पाणी आलं नाही. तिने वाट पाहिली नाही. ओळ पुढे गेली, गोष्ट पुढे गेली, समोरची एक म्हातारी डोळे मिटून डुलत राहिली, आणि कुठेही काही अडलं नाही.

आरतीनंतर रिवाजाप्रमाणे सगळे तिच्या पाया पडले. विनायकबुवासुद्धा. वाकताना म्हणाले, "आता खाली उतर. दूध मीच आणतो आज."

*

हॉल रिकामा झाला. छपराच्या पत्र्यावर मावठ्याचे शेवटचे थेंब टपटपत होते. आशिष खाली मान घालून वायरी गुंडाळत होता. योगिनी पायरीवर बसून बूट घालत होती. हार अजून गळ्यातच.

"सॉरी हं," तो वायरीलाच म्हणाला. "सगळ्यांसमोर तुमचं हसं झालं. मला खरंच माहीत नव्हतं... हार हातात द्यायचा असतो ते."

"लहानपणापासून कीर्तन करतेय मी," योगिनी म्हणाली. "नेहमी हात पुढे करते. समोरचा चुकायला लागला, तरी मी आधीच ओंजळ धरते. सवयच आहे."

"मग आज...?"

तिने बुटाची नाडी बांधली. सावकाश. मग दुसऱ्या बुटाची. थर्मास जवळ ओढून झाकणात चहा ओतला, एक घोट घेतला, आणि मिठासकट गिळला.

"तुला माहीत नव्हतं," ती म्हणाली. तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. "मला होतं."

आशिषच्या हातातली वायर सुटली, आणि सबंध पायरीभर पसरली.

"मी मान वाकवली होती," योगिनी म्हणाली. "सगळे तुझ्याकडे बघत होते, म्हणून कोणाला दिसलं नाही."