जगातला एकच उल्लेख

घानात कुमासीहून टमालेला जाणाऱ्या बसमध्ये तो माझ्या शेजारी येऊन बसला, तेव्हा मी कुणाच्या तरी नरडीचा घोट घ्यायच्या तयारीत होते. हर्मट्टनचा कोरडा वारा सुटला होता, खिडकीच्या फटीतून धूळ आत येत होती, ओठ फुटले होते. त्यात आदल्याच दिवशी आमच्या विभागाचे प्रोफेसर बायडू मला म्हणाले होते, "अराबा, बढती यंदाही नाही. शोधनिबंध ढीगभर लिहिलेस, पण दुसऱ्या कुणी आपल्या निबंधात त्यांचा उल्लेख केला? साऱ्या जगात एकानं."

शेजाऱ्यानं खिशातून शिया झाडाच्या बियांपासून काढलेल्या लोण्याची डबी काढली, स्वतःच्या ओठांना बोट लावलं आणि काही न बोलता डबी माझ्यापुढे धरली.

"नको," मी म्हणाले. मग घेतली. ओठ फुटल्यावर ताठा परवडत नाही.

"एवढं चिडण्यासारखं टमालेत काय आहे?" त्यानं हळूच विचारलं.

"टमालेत गणिताची परिषद आहे. चिडण्यासारखं मागे राहिलंय."

अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं. मी सगळं ओकून टाकलं. "बिंदू-रेषांच्या जाळ्यांविषयीचं एक प्रमेय मी मान मोडून सिद्ध केलं. अख्ख्या जगात एका माणसानं त्याची दखल घेतली, आणि लिहिलं काय? 'क्वान्सा यांच्या सिद्धतेत एक पायरी निसटली आहे.' संपलं. बढतीच्या समितीला तेवढंच सापडलं."

"कोण हा?"

"कुणी डोग्बे आहे, केटाच्या कॉलेजातला. गाढव असणार."

"असेल..." तो डबीचं झाकण फिरवत राहिला. "दिसायलाही?"

"दिसायलाही."

"तो मीच. सेलॉर्म डोग्बे."

मी ताडकन उठले आणि कंडक्टरकडे दुसरी जागा मागितली. बस खच्चून भरलेली. पुढच्या बाकावरची बाई मान वळवून म्हणाली, "पोरी, नवऱ्याशी भांडायचं ते किंटाम्पोला उतरून भांड. मला झोपू दे."

"हा माझा नवरा नाही," मी म्हणाले. तो खिडकीबाहेर बघत हसू दाबत होता. मला आणखीच संताप आला.

किंटाम्पोच्या थांब्यावर त्यानं तळलेली गिनीकोंबडी आणून माझ्यापुढे ठेवली.

"लाच देताय?"

"जेवण देतोय. लिहिण्याआधी मी तुम्हाला ईमेल केली होती. उत्तर आलं नाही."

"आमच्या विद्यापीठाची ईमेल कित्येक महिने बंद होती. हे घानातल्या सगळ्या गाढवांना ठाऊक आहे."

"या एकाला नव्हतं," तो म्हणाला. "पण पायरी निसटलीय, डॉक्टर क्वान्सा. तिसऱ्या पानावर तुम्ही जाळं सलग आहे असं धरून चालला आहात. ते तुटकं असलं तर?"

हातातला घास तसाच राहिला. त्याचं बरोबर होतं... आणि त्याचं बरोबर असावं याचाच मला सर्वांत जास्त राग आला.

परिषदेत मी कुणाची भाषणं ऐकली, आठवत नाही. एका रिकाम्या वर्गात फळ्यासमोर उभी राहून मी लिहीत आणि पुसत होते. तो मागच्या बाकावर बसून म्हणे, "नाही," आणि पुन्हा म्हणे, "अंहं." मी खडू फेकून मारला. त्यानं तो उचलून परत आणून दिला, बोटांना बोटं लागली, दोघंही एकदम फळ्याकडे बघू लागलो. शेवटी मला वाट सापडली. प्रमेय आता तुटक्या जाळ्यांनाही लागू होत होतं, पहिल्यापेक्षा दणकट झालं होतं. तो फळ्यापाशी येऊन एकेक ओळ वाचत गेला. मग म्हणाला, "हे मला कधीच सुचलं नसतं."

कुठल्याही समितीनं मला असं काही म्हटलं नव्हतं.

नंतर फोन सुरू झाले. गणितावरून सुरुवात व्हायची आणि त्याच्या केटाच्या खाडीतल्या माशांवर, माझ्या आईच्या टोमण्यांवर गाडी जायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं कळलंही नाही. त्यानं नवे निबंध लिहिले, त्यात माझ्या प्रमेयावर बरंच काही उभारलं. माझे उल्लेख वाढले. आणि मग एकाएकी त्याचे फोन थांबले. मी केला तर, "कामात आहे, अराबा." आठवडे गेले. प्रोफेसर बायडूंनी मात्र मला बोलावून गोड आवाजात विचारलं, "हा डोग्बे तुझा कुणी लागतो का? घरच्यांचे उल्लेख समिती धरत नाही. मी त्यालाही विचारलंय."

सकाळच्या पहिल्या गाडीनं मी केटा गाठलं.

तो खाडीच्या काठी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासत बसला होता. मला बघून उठला, कागद वाऱ्यानं उडाले, त्यानं ते उचललेही नाहीत.

"काय सांगितलंस बायडूंना?"

"कुणी लागत नाही म्हणून. आणि ते खोटं ठरू नये... म्हणून फोन बंद केले. तुझी बढती होईपर्यंत."

"आणि हे तू एकट्यानंच ठरवलंस. मला विचारलंस?"

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते. माझी बढती, माझं नुकसान, आणि ठरवणारा तू कोण? रोज फोनकडे बघत बसले मी. वाटलं, प्रमेय संपलं तशी मीही संपले."

"अराबा, मी कुणी लागतो म्हटलं, तर माझे सगळे उल्लेख वजा होतील. तुझ्यापाशी काहीच उरणार नाही."

"प्रमेय बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"मग तेवढं उरेल. कधीतरी दुसरा कुणी वाचेल. तू कोण लागतोस ते बोल."

तो पाण्याकडे बघत त्याच्या एवे भाषेत काहीतरी पुटपुटला.

"मला एवे येत नाही."

कानाच्या पाळ्यांपर्यंत लाजत त्यानं तेच माझ्या फांटी भाषेत म्हटलं. उच्चार इतके भयंकर की खाडीतले बगळे उडावेत.

"चुकलं," मी म्हणाले. डोळे भरून आले होते, राग अजून तसाच होता. "पुन्हा म्हण."

त्यानं पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. बरोबर येईपर्यंत मी त्याला सोडलं नाही, आणि सोमवारी बायडूंच्या खोलीत जाऊन सांगितलं, "लागतो, सर. वजा करा."