ढवळ्या आणि न नासलेलं दूध

“नासलं! पुन्हा नासलं!” सेल्माने डाव ओट्यावर आपटला.

आता तुम्हीच सांगा, सकाळीच आलेलं ताजं दूध नासेल कसं? दूध बदललं, पातेलं घासून लख्ख केलं, तरी एगनॉग (अंडी, दूध आणि साखरेचं नाताळचं पेय) दर वेळी गुठळ्या गुठळ्या! आणि संध्याकाळी आई येणार होती, थेट चंद्रावरून. तिथल्या तळावर वर्षभर पाकिटातलं खाऊन कंटाळलेल्या आईने एकच गोष्ट मागितली होती. आजीच्या हातचं असायचं तसं एगनॉग. आजी आता नव्हती. “मी करते!” असं सेल्माने छाती ठोकून सांगितलं होतं खरं, पण आता ती रडायच्या बेतात होती.

“माझी चूक नाही हं,” ढवळ्या म्हणाला. ढवळ्या म्हणजे घरचा यंत्रमानव. रंगाने पांढराशुभ्र आणि काम ढवळायचं, म्हणून आजोबांनी हे नाव ठेवलेलं. “दूध म्हटलं की उकळी. उकळी आणली, मग अंडी ओतली.”

आजोबा निवृत्त शास्त्रज्ञ. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. “नासलेलं दूध कसं दिसतं गं?”

“हिरवट पाणी सुटतं, वर चोथा...” सेल्मा थबकली. “अय्या! हे दूध तर पांढरंच आहे. गुठळ्या पिवळ्या आहेत. आजोबा, दूध नासलंच नाही! अंडं शिजलंय!”

“शाब्बास! आपण सगळे उगाच दुधाच्या नावाने शंख करत होतो.”

मग आजोबांनी समजावलं. अंड्यात प्रथिनं असतात (शरीर घडवणारे पोषक घटक). प्रत्येक प्रथिन म्हणजे लोकरीचा छोटासा गुंडा. उष्णता लागली की गुंडे उलगडतात आणि धागे एकमेकांत अडकतात. उकळत्या दुधात अंडी पडली, की सगळे गुंडे एकदम उलगडून त्यांचा नुसता गुंता होतो. तीच गुठळी.

“मग हळूहळू तापवलं तर?” सेल्माने विचारलं.

“करून बघ की!”

या वेळी तिने उलटं केलं. अंडी आणि साखर आधी फेटली. त्यात गरम दुधाची बारीक धार सोडली. ढवळ्या ढवळत राहिला. मग सगळं मंद आचेवर ठेवलं. तापमापक सत्तर अंश सेल्सिअसच्या थोडा वर गेला.

“उकळी?” ढवळ्याने आशेने विचारलं.

“खबरदार!” आजोबा हसले. “एवढ्यावर जंतू मरतात आणि धागे अलगद गुंफले जातात. बघ, दाट व्हायला लागलं.”

खरंच की! डावाच्या पाठीवर मऊ, पिवळसर थर बसला. गुठळी नावाला नाही. सेल्माने आनंदाने उडीच मारली आणि वर जायफळ किसलं.

संध्याकाळी आईने गार एगनॉगचा पहिला घोट घेतला आणि तिचे डोळे भरून आले. “अगदी माझ्या आईच्या हातचं!” ती म्हणाली. “आम्ही तळावर केलं होतं गं, पण नासलं. दूधपावडर खराब म्हणून फेकून दिली.”

“बिचारी पावडर!” सेल्मा खदखदून हसली आणि तिने आईला सगळं सांगितलं.

आईने तिला जवळ घेतलं. “पुढच्या नाताळला मी वरच असेन, बाळा.”

सेल्माने तिला घट्ट मिठी मारली. मग म्हणाली, “चालेल. तू तिथे कर, मी इथे करते. एकाच वेळी ढवळू. पण आई, धार बारीक सोड हं!”