साक्षीशिळा

सावरघाटात सकाळी दाराबाहेर पाऊल टाकणारा माणूस आधी भिंतीकडे पाही आणि मग आकाशाकडे. प्रत्येक चौकात, देवळाच्या आवारात, शाळेच्या कुंपणात हातभर लांबीच्या काळ्या पाषाणाच्या शिळा बसवलेल्या होत्या आणि त्यांवर राखट हिरव्या रंगाचे दगडफूल पसरलेले असे. गोडा मसाला भाजताना ज्याचा दरवळ घरभर भरून राहतो, त्याच दगडफुलाचे हे भावंड. रानातल्या दगडफुलाला नखाएवढे वाढायला काही वर्षे लागतात. हेरंब उपासनी यांनी आपल्या प्रयोगशाळेत सिद्ध केलेले वाण मात्र एका ऋतूत तळहाताएवढे होई. हवा निर्मळ असेल तोवर ते हिरवे राही. तीत विषारी वायू मिसळला की तांबूस पडून पापुद्रे सोडी. गावाने त्यांना नाव दिले होते साक्षीशिळा. त्या आल्यानंतर, खुद्द उपासनींच्याच सल्ल्याने, पंचायतीने वायुमापक यंत्रे उतरवून ठेवली होती. जिवंत साक्षीदार असताना यंत्रांचे काय काम, असे ते तेव्हा मोठ्या समाधानाने म्हणाले होते.

त्या शुक्रवारी इंदुताई चार बायकांसह त्यांच्या रोपवाटिकेच्या दारात उभ्या राहिल्या.

"सर, शाळेजवळची परत भंगली हो. नवी द्या."

"तुम्ही हळद जरा हात राखून लावा, इंदुताई. दगडफूल म्हणजे अर्धी बुरशीच. तिला हळद सोसत नाही."

"सोसत नाही? देवळापुढच्या शिळेला अख्खं गाव हळद फासतं, ती बघा कशी टवटवीत! शाळेजवळचीच तेवढी नाजूक. नव्या सुनेसारखी, जरा बोललं की तोंड लाल."

बायका हसल्या. उपासनीही हसले आणि त्यांनी सावलीतली एक उत्तम, भरगच्च शिळा काढून दिली.

शिळांची ही पूजा कोणी सुरू केली, हे कुणालाच आठवत नव्हते. पण एकदा सुरू झाल्यावर तिचे नियमही आपोआप आले. भग्न मूर्ती देव्हाऱ्यात ठेवत नाहीत; तिचे विसर्जन करून नवी बसवतात. तसेच शिळांचे झाले. दगडफूल लाल पडलेली शिळा ओटी भरून नदीच्या डोहात सोडायची आणि तिच्या जागी नवी स्थापायची. उपासनींनी कधी हरकत घेतली नव्हती. ज्या बुरशीला लोक आयुष्यभर नाक मुरडत आले, तिच्यापुढे निरांजन ओवाळले जाताना पाहून त्यांचे डोळे पाणावत. आपण दिलेल्या वस्तूला कुणी हात जोडले, की देणाऱ्याच्या मनाला एक गोड गुंगी येते. त्या गुंगीत ते होते.

दुसऱ्या दिवशी रेवती खांबेटे त्यांना बोलवायला आली. तिचे कुटुंब गतवर्षीच शहरातून आले होते आणि शाळेसमोर राहत होते.

"सर, आमच्या घरात बुरशी आहे का, ते बघून जाल? मिथूचा दमा वाढलाय. दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं."

उपासनी आपली बीजाणुपेटी घेऊन गेले. ही पेटी खोलीतील हवा ओढून घेई आणि तीत बुरशीचे किती बीजाणू तरंगत आहेत, हे पडद्यावर दाखवी. माळा, मोरी, कपाटामागची भिंत, त्यांनी सर्व तपासले. घर धुऊन पुसून इतके उजळले होते की पाहणाऱ्याला दया यावी. रेवतीने लोणच्याच्या बरण्या, पापडांचे डबे, जुन्या गाद्या, सारे काही फेकून दिले होते.

खिडकीपाशी बसून रेवतीची आठ वर्षांची मुलगी मिथिला वाफाऱ्याचा मुखवटा तोंडाला लावून औषध ओढत होती.

"आजोबा, दगडफूल हे झाड आहे का?"

"नाही गं. एक बुरशी आणि एक शेवाळ, दोघांचा संसार आहे तो. बुरशी घर बांधते, शेवाळ उन्हात स्वयंपाक करतं."

"आणि मुळं?"

"मुळं नाहीत, सालही नाही. हवा देईल ते प्यायचं. नको असलेलं बाहेर टाकताही येत नाही त्याला."

"माझ्यासारखंच," मिथिला म्हणाली आणि पुन्हा मुखवटा लावून बसली.

पेटीच्या पडद्यावर बुरशीचा जवळजवळ मागमूस नव्हता. उपासनींनी तसे रेवतीला सांगितले.

"मग आहे तरी काय? डॉक्टर म्हणाले, हवापालट करून बघा. मी त्यांना म्हटलं, हवेचा प्रश्नच येत नाही. शाळेला लागून सरांची शिळा आहे, कधीही बघा, हिरवीगार! ती बघूनच तर हे घर घेतलं आम्ही."

उपासनींनी खिडकीतून शाळेकडे पाहिले. नाजूक, नव्या सुनेसारखी. इंदुताईंची थट्टा कानात घुमू लागली. पेटी तिथेच विसरून ते बाहेर पडले आणि थेट नदीवर गेले.

चैत्रातच डोह आटला होता. तळाच्या चिखलात विसर्जित शिळा पालथ्या पडल्या होत्या. प्रत्येक शिळेच्या पाठीवर तिच्या जागेचे नाव त्यांनी स्वतः कोरून घेतलेले असे. ते गुडघाभर गाळात उतरले आणि एकेक नाव बोटाने पुसून वाचू लागले. शाळा. शाळा. पुन्हा शाळा. देवळाची एकही नव्हती. जिला सर्वांत अधिक हळद लागत होती, ती शिळा जिवंत होती. आणि शाळेपाशी याआधी लावलेली प्रत्येक शिळा मेली होती.

पूर्वेच्या टेकडीवर कचरा जाळून वीज करणारी भट्टी सुरू झाली होती, हे त्यांना ठाऊक होते. थंड पहाटेची हवा उतारावरून घरंगळत खोलगट भागात साचते, हेही ते विद्यार्थ्यांना शिकवत आले होते. शाळा त्याच खोलगटात होती. मुक्या साक्षीदाराने पुन्हा पुन्हा ओरडून सांगितले होते आणि दर वेळी गावाने त्याला ओटी भरून बुडवले होते. दर वेळी नवा साक्षीदार त्यांच्याच हातून गेला होता.

आपल्याला कुणी पाहत तर नाही ना, म्हणून त्यांनी काठाकडे नजर टाकली. वाणच रोगट निघाले, असे जाहीर करून मोकळे व्हावे. हा विचार मनात आला आणि तो किती सहज आला, याचीच त्यांना अधिक लाज वाटली.

सोमवारी शाळा भरण्यापूर्वी ते रेवतीच्या दारी गेले. पहाटेच डोहातून उचललेल्या खांद्यावरच्या शिळेतून चिखलाचे पाणी सदऱ्यावर ओघळत होते.

"मिथिलेला आज शाळेत पाठवू नका," ते म्हणाले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहूनच त्यांनी सर्व सांगितले.

रेवतीने शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "तुम्हाला माहीत होतं?"

माहीत नव्हते, हे उत्तर खरे ठरले असते. ते ओठांपर्यंत आलेही.

"दिसत होतं," उपासनी म्हणाले. "मी पाहिलं नाही."

तिने दार लावून घेतले. आत कडी सरकल्याचा आवाज त्यांनी ऐकला.

शाळेच्या कुंपणभिंतीतील हिरवी शिळा उतरवून त्यांनी तिथे ती तांबडी, पापुद्रे सुटलेली शिळा बसवली. तेवढ्यात पूजेचे ताट घेऊन इंदुताई आल्या. पुढे त्यांची नात दप्तर उडवत धावत होती.

"अहो सर, हे काय अभद्र! विसर्जन केलेलं परत आणतं का कुणी?"

"इंदुताई, ही भंगलेली नाही. हिचं काम हिने चोख केलंय. इथली हवा विषारी आहे, हे ती आपल्याला सांगत होती. काल पंचायतीला कळवलंय, आज कलेक्टर कचेरीत जातोय. तोवर मुलांना आत सोडू नका."

इंदुताईंनी शिळेकडे पाहिले. मग फाटकाकडे पाहून त्या किंचाळल्या, "सायली, थांब! आत जाऊ नकोस!" पोर दचकून जागच्या जागी उभी राहिली आणि खोकू लागली. गेले कित्येक महिने ती अशीच खोकत होती. घरात त्याला ऋतुमानाचा खोकला म्हणत.

इंदुताईंनी पूजेचे ताट खाली ठेवले. हळदीची चिमूट बोटांत तशीच राहिली.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "मग इतके दिवस आम्ही पूजा कुणाची करत होतो?"

उपासनींच्या सदऱ्यावरचा डोहाचा चिखल अजून ओला होता.