तिसरी पिन

काम अगदी साधं होतं. देवासहून धारला जायचं, तिथून एक अ‍ॅम्प व्हॅनमध्ये टाकायचा आणि झोपायच्या वेळेपर्यंत घरी परत यायचं.

"भास्कर शितोळेची गोष्ट आहे," गोपाळराव म्हणाले. "ऐकीव नाही. माणूस अजून आहे. टेकरीच्या मागच्या गल्लीत राहतो, पाहिजे तर उद्या जाऊन विचारा."

देवासच्या त्या गच्चीवर जेवणं उरकून सगळे जरा वाऱ्याला बसले होते. गोपाळराव वीज कंपनीतून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं खांबांवर काढलेली. धाकटी नात चिऊ कठड्याशी बसली होती. नातू अंशुल संध्याकाळपासून मोबाइलवर एकच बघत होता, कोणता गिटारवाला कोणता अ‍ॅम्प वापरतो आणि पायाखाली काय काय मांडतो. शेवटी त्यानं आजोबांनाच विचारलं होतं, "आबा, सबसे बढिया कोणता?"

"कोणता ते मागाहून बघू," गोपाळराव म्हणाले. "लावायचा कसा, ते आधी ऐक. चिऊ, तू पण इकडे ये, कठड्याशी नको बसूस."

भास्कर विश्वासराव घोरपड्यांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. त्याच्याबरोबर दुसरा गिटारवाला होता धीरज. दोघं शाळेपासूनचे दोस्त, आणि भांडणही शाळेपासूनचं. भास्कर नव्या चालीचा. त्याचं एक पायाखालचं मशीन, त्यातच शंभर अ‍ॅम्पचे आवाज, वायर थेट मिक्सरला, काम खतम. धीरजला ते बघवायचं नाही. "भिया, ये तो फोटो का खाना है," म्हणायचा. त्याचा अ‍ॅम्प जुन्या रेडिओसारखा, काचेच्या वॉल्व्हचा. बापूसाहेब रेडिओवाल्यांच्या दुकानात बसून, त्यानं आणि बापूसाहेबांनी मिळून आठ महिने खपून बांधलेला. उचलायला दोन माणसं लागायची. धीरज तो कधी जमिनीवर ठेवायचा नाही. खाली लाकडी खोका, आणि अ‍ॅम्प किंचित मागे कललेला. का, तर आवाज गुडघ्यांना नाही, कानांना ऐकू आला पाहिजे. मंडपात बास घुमतो म्हणून बास कमी. गिटारचा जीव मधल्या सुरांत, म्हणून मिड वर. आधी एक बटण, मग दोन मिनिटं थांबायचं, वॉल्व्ह तापू द्यायचे, मग दुसरं. त्या दोन मिनिटांत कोणी घाई केली तर शिव्या खायचा.

तेवीसच्या नोव्हेंबरात कन्नौदला एका लग्नात धीरज गेला. स्टेजवर. गिटारच्या तारांवर हात होता, गाण्यासाठी माइकपाशी तोंड नेलं, ओठ टेकले, आणि तसाच उभा राहिला. लोकांना वाटलं नाटक करतोय. टाळ्या वाजवल्या लोकांनी.

चिऊनं अंशुलचा हात धरला.

पोलिसांच्या कागदावर लिहिलं गेलं, की घरी बनवलेल्या सदोष यंत्राचा शॉक लागून मृत्यू. ते विश्वासरावांनी सांगितलं होतं. खाली साक्षीदार म्हणून भास्करची सही.

सव्वा वर्ष गेलं. विश्वासरावांना लोक विचारायचे, तुमच्या गिटारचा तो आवाज कुठे गेला? तेव्हा त्यांना तो अ‍ॅम्प आठवला. भास्करला म्हणाले, "जा, धीरजच्या बायकोकडून घेऊन ये. नुसता पडून आहे." भास्करला इतका राग आला, की हातातला चहा त्यांच्या तोंडावर फेकावा. ज्या डब्यानं माणूस मारला म्हणून लिहून दिलंत, तोच आता पाहिजे? पण सव्वा वर्षात न बोलायची सवय झाली होती. व्हॅनची चावी घेतली आणि निघाला.

तारीख तेरा फेब्रुवारी, दोन हजार पंचवीस. गुरुवार. आदल्या दिवशी माघी पौर्णिमा झालेली. अमावास्या-बिमावास्या काही नाही, चांगलं पिठासारखं चांदणं.

धीरजची बायको शिखा धारला माहेरी राहते, शाळेत शिकवते. भास्कर पोचला तेव्हा शिकवण्या संपवून ती नुकती उठत होती. अ‍ॅम्प कोपऱ्यात, चादरीखाली. तिनं चादर ओढली.

"न्या," म्हणाली. "फक्त एक काम करा, भावजी. यावर हात ठेवा, आणि म्हणा, धीरजची गलती होती."

"वहिनी..."

"कागदावर सही केलीत ना? मग तोंडानं म्हणा. माझा मुलगा शाळेत गेला की पोरं म्हणतात, तेरे पापा ने खुद का करंट खुद बनाया. त्याला मी काय सांगू? तुम्ही तिथे होतात. मी नव्हते. म्हणा एकदा, मी स्वतः उचलू लागते."

भास्करनं हात पुढे नेला आणि मागे घेतला.

"नाही ना म्हणवत?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मग इतके दिवस कसं झोपवतं तुम्हाला?"

ती उचलू लागली नाही. भास्करनं एकट्यानं ते धूड ओढत, छातीशी धरत व्हॅनमध्ये चढवलं. वायर गुंडाळून मुठीला बांधलेली होती. मागे दार लागल्याचा आवाज आला.

साडेनऊला तो धारमधून निघाला. रस्ताभर चिडलेला. विश्वासरावांवर, वहिनीवर, समोरून डिपर न देणाऱ्या ट्रकवाल्यांवर. लेबडच्या अलीकडे रस्ता जरा मोकळा झाला. दोन्हीकडे गहू. गाडीतलं घड्याळ दहा वाजून दहा मिनिटं दाखवत होतं.

आधी त्याला वाटलं, इंजिनाचा आवाज आहे.

बारीक घरघर. एकसारखी. त्यानं गियर बदलला. इंजिनाचा आवाज बदलला, घरघर बदलली नाही. गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं.

घरघर चालूच.

गिटारवाल्याला तो आवाज सांगावा लागत नाही. अ‍ॅम्प चालू केला, की वाजवण्याआधी येतो तो. हमिंग.

त्यानं आरशात पाहिलं. मागे अंधारात लाल दिवा लागलेला होता. अ‍ॅम्पचा.

वायर मुठीला गुंडाळलेली. प्लग लोंबत होता. हवेत.

भास्कर उतरला. मागे गेला. दार वर उचललं. तापलेल्या धुळीचा वास आला. वॉल्व्ह गरम झाले की येतो तो. दोन मिनिटं होऊन गेली असावीत.

"धीरज?" तो म्हणाला.

घरघर.

"मी काय करणार होतो?" भास्करचा आवाज फाटला. "विश्वासदादांनी सांगितलं. मालक आहेत ते. मी..."

घरघर वाढली. व्हॅनचा पत्रा थरथरायला लागला. काचा वाजायला लागल्या.

"सही सगळ्यांनीच केली! मी एकट्यानं नाही! जनरेटरवाल्यानं पण..."

आवाज आणखी चढला. घरघर राहिलीच नाही ती. गर्जना. दातांत उतरली. छातीत. गव्हातून टिटव्या ओरडत उठल्या. भास्करनं कानांवर हात दाबले, आणि मग... मग त्याचंही डोकं फिरलं. सव्वा वर्षाचा राग होता तो. तो ओरडायला लागला.

"अरे मग तू का नाही पाहिलंस! हर प्रोग्राम को प्लग हातात घेऊन बघायचास! आमचा जीव खायचास, अर्थिंग आहे का, अर्थिंग आहे का! आणि त्याच दिवशी पंगतीत बसलास! एकदा बघितलं असतंस, साल्या! एकदा!"

तो रडत होता. दोन्ही हात अ‍ॅम्पच्या उघड्या पत्र्यावर आपटत होता.

"हमिंग येतेय म्हणून दादा ओरडले. पाहुणे हसताहेत म्हणाले. पक्कड दिली माझ्या हातात. म्हणाले, ती तिसरी पिन तोड, आवाज बंद होतो. झाला बंद! एकदम साफ झाला! मी तोडली, धीरज. पिन मी तोडली."

आवाज थांबला.

एका क्षणात. सुरीनं कापावा तसा.

टिटव्याही गप्प. रस्त्यावर ट्रक नाही. काही नाही.

मग स्पीकरच्या जाळीतून... श्वास. माइकच्या फार जवळ कुणी उभं राहिलं की येतो तसा.

एक.

दोन.

"...भिया..."

आणि लाल दिवा हळूहळू विझला.

गोपाळराव थांबले. खालच्या रस्त्यावरून एक ऑटो गेला. 

"आबा, पिन तोडली तर काय होतं?" चिऊनं हळूच विचारलं.

"तिसरी पिन जमिनीची असते, बाळ. यंत्रात कुठे काही बिघडलं, करंट भरकटला, तर त्याला जमिनीत जायला वाट. ती वाट असली की घरघर येते कधी कधी. येऊ दे की! ती तोडली की आवाज थांबतो, आणि भरकटलेला करंट पत्र्यात वाट बघत बसतो, कोणी माणूस हात लावेल म्हणून." गोपाळरावांनी कठड्यावर मूठ आपटली. "पाहुणे हसतील म्हणून! पस्तीस वर्षांत अशी किती माणसं उतरवलीत मी खांबावरून, तारांवरून. दर वेळी कुणीतरी म्हणतं, त्याचीच चूक होती. मेलेला येत नाही ना सांगायला!"

अंशुलनं मोबाइल उलटा करून ठेवला होता.

"मग?" तो म्हणाला.

मग भास्कर रात्री कधी देवासला पोचला ते त्याला आठवत नाही. सकाळी सातला विश्वासरावांच्या दारात उभा होता. विश्वासराव पूजेतून उठून आले. भास्करनं तिथेच, अंगणात, शेजारपाजार ऐकेल अशा आवाजात सांगितलं, की मी कन्नौदला जातोय, ठाण्यात खरं लिहून द्यायला.

"पागल हो गया क्या?" विश्वासरावांनी त्याचा दंड धरला. "सव्वा वर्षानंतर? अरे, तोडली तू आहेस. पहिला तूच आत जाशील."

"जाईन."

"पोराबाळांचा विचार कर!"

"धीरजला पण एक आहे," भास्कर म्हणाला, आणि त्यांचा हात असा झटकला की विश्वासराव तुळशीच्या कट्ट्यावर बसले.

जबाब झाला. त्यात त्यानं स्वतःला वाचवलं नाही. केस चालू आहे अजून, तारखा पडताहेत. ऑर्केस्ट्रा मोडला. भास्कर आता वाजवत नाही, मोटार रिवाइंडिंगचं काम करतो.

पण गोष्ट इथे नाही संपत. कन्नौदहून परत आल्यावर त्यानं अ‍ॅम्प उतरवायला व्हॅनचं मागचं दार उघडलं, आणि तसाच गोपाळरावांकडे आला. चेहरा पांढरा. म्हणाला, काका, जरा चला.

अ‍ॅम्पच्या मागच्या पत्र्याला एक हिरवी वायर जोडलेली होती. बोटाएवढी जाड, तांब्याची. पत्रा घासून, रंग काढून, बोल्टखाली नीट कसलेली. असा जोड शिकलेला माणूसच करतो. वायर दारातून बाहेर लोंबत होती, आणि दुसरं टोक ओढून तुटलेलं.

"आधी नव्हती," भास्कर म्हणाला. "काका, मी छातीशी धरून चढवलाय तो. नव्हती."

शिखाला फोन केला. तिला कोणती वायर तेच कळेना.

शनिवारी अ‍ॅम्प परत द्यायला दोघं धारला निघाले. शिखाला सगळं सांगायचं होतं, आणि ते भास्करनं तिच्या मुलासमोर सांगितलं. ती ऐकत राहिली. रडली नाही, माफही केलं नाही. "सोमवारी शाळेत या, आणि तिथे सांगा," एवढंच म्हणाली. तो गेलाही.

पण जाताना, लेबड ओलांडल्यावर, भास्करनं गाडी थांबवायला लावली. म्हणाला, इथेच. गोपाळराव उतरले. रस्त्याच्या कडेला टायरचे ठसे होते. बाजूला गहू. आणि व्हॅनचं मागचं दार जिथे आलं असेल, तिथून बरोबर दीड हातावर, त्या दगडासारख्या कडक मुरमात एक खड्डा भरलेला होता. मधोमध तांब्याचा दांडा, जमिनीच्या वर चार बोटं. त्याला हिरव्या वायरचा तुकडा. ओढून तुटलेला.

गोपाळरावांनी बसून बोटानं उकरलं. वरती माती. खाली कोळसा. मग मीठ. मग पुन्हा कोळसा. अर्थिंगचा, म्हणजे करंटला जमिनीत वाट देणारा खड्डा असाच भरतात. चांगलं खोल करायला दोन माणसांना अर्धा दिवस लागतो.

त्या रात्री भास्करनं दोन्ही हात त्या पत्र्यावर आपटले होते. त्याला साधा झटकाही बसला नव्हता.

अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घालावं लागतं. नाहीतर ते काम करत नाही. पाऊस चार महिन्यांत नव्हता. गव्हाचं शेवटचं पाणीही कधीच देऊन झालेलं, आजूबाजूची जमीन तडकलेली, विहीर दिसेल तिथवर नाही, आणि मधे दोन दिवसांचं ऊन गेलेलं.

गोपाळरावांनी तळवा टेकवला. माती ओली होती. आत्ताच कुणीतरी पाणी घालून गेल्यासारखी.