टाकीतला बर्फ थांबला तेव्हा

"इतकी वाकू नकोस," ड्वेन म्हणाला. "पडलीस तर मावशीला काय सांगू मी?"

मार्सीने ऐकलं नाही. त्या काळी कोलोराडोतल्या त्या लहानशा डोंगरगावात पाणीशुद्धी केंद्राला कुंपण नव्हतं. उन्हाळी सुट्टीत ही मावसभावंडं टाकीतला 'बर्फ' बघायला यायची. पाण्यात तुरटी मिसळली, की पांढरे पुंजके धरायचे आणि गाळ, जंतू कवेत घेऊन सावकाश तळाशी बसायचे.

आज एकही पुंजका नव्हता. पाणी काचेसारखं होतं, आणि खालून काळा तळ त्यांच्याकडे बघत असल्यासारखा वाटत होता.

गावही असंच गप्प झालं होतं. बेसबॉलचं मैदान ओस, खिडक्यांचे पडदे ओढलेले. घरोघरी पोटं बिघडली होती. मार्सीचा धाकटा भाऊ टोबी तर उशीसारखा हलका झाला होता. ओढ्यात राहणाऱ्या बीव्हर नावाच्या प्राण्यांकडून पाण्यात येणारा परजीवी असावा, असं डॉक्टर म्हणाले होते.

"तुरटी बंद केली मी," केंद्र सांभाळणारे ऑरव्हिल काका म्हणाले. "डोंगरावरच्या बर्फाचं वितळलेलं पाणी हे, इतकं नितळ! वाळूतून गाळतो, क्लोरीन घालतो. बास झालं."

"मग टोबीच्या पोटात काय शिरलंय?" मार्सीने विचारलं.

"ड्वेनच्या आईचं बटाट्याचं सॅलड."

ड्वेन हसला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं कॉफीचे दोन डबे घेऊन आली. तळाला भोकं, आत वाळू. एका बरणीत पाणी आणि चिमूटभर बारीक माती. दुसरीत तेच, शिवाय काकडीचं लोणचं कुरकुरीत राहावं म्हणून घरात आणलेली थोडी तुरटी. दुसरीतलं पाणी मार्सी हळूहळू ढवळत राहिली. कुठूनसे पुंजके उगवले. मग दोन्ही बरण्यांतलं पाणी एकेका डब्यातल्या वाळूतून गाळलं. पहिलं गढूळच उतरलं, दुसरं स्वच्छ.

"आपल्या पाण्यात कुठे माती आहे?" काका म्हणाले.

"दिसत नाही," मार्सी म्हणाली. "पण तो परजीवीही असाच बारीक आहे. पुंजक्यात अडकला नाही तर वाळूतून निसटतो. आणि डॉक्टर म्हणाले, क्लोरीनला तो सहज दाद देत नाही."

काका टाकीकडे वळले. मग त्यांनी तुरटीचा पंप सुरू केला आणि टोपी उचलली.

"घरोघरी सांगायला हवं, पाणी उकळून प्या म्हणून."

"लोक ओरडतील तुम्हाला," ड्वेन म्हणाला.

"ओरडू देत. आधी कुणाकडे?"

"आमच्याकडे," मार्सी म्हणाली.

टोबीच्या उशाशी पाण्याचा भरलेला पेला होता. काकांनी तो उचलला, अंगणात नेऊन ओतला आणि रिकामा पेला मार्सीच्या आईच्या हातात दिला.

"चूक माझी," ते म्हणाले. "पकडली तुमच्या पोरीने. आता आधी किटली चढवा."